वाद्ये आठ, वाटा दोन

पाश्चात्त्य पद्धतीचा ड्रमसंच नावाला एक वाद्य असला, तरी वस्तुतः ते आठ वाद्यांचे एकत्र कुटुंब आहे. पायाने वाजणारा मोठा बास ड्रम, वादकाच्या गुडघ्यांमध्ये बसणारा व तळाशी बारीक तारा ताणलेला स्नेअर, पुढच्या बाजूस दोन लहान टॉम आणि उजव्या हाताशी जमिनीवर उभा असलेला फ्लोअर टॉम, हे झाले पाच ड्रम. त्यांच्या जोडीला डाव्या पायाच्या दाबाने उघडझाप करणारी हाय-हॅटची जोडझांज, लय अखंड धरून ठेवणारी राइड आणि क्षणभर कडाडून हळूहळू विरणारी क्रॅश, अशा तीन झांजा. हा सगळा संसार एकच माणूस दोन हातांनी आणि दोन पायांनी चालवतो. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ साली बास ड्रमसाठी चपळ चालणारे पायपेडल काढले, आणि पूर्वी दोघातिघांनी मिळून करायचे काम एका बैठकीत करणे सोयीचे झाले.

अशा या कुटुंबाचे ध्वनिमुद्रण करताना मोठ्या स्टुडिओत प्रत्येक सभासदाची वेगळी बडदास्त ठेवतात. प्रत्येक ड्रमपाशी एक माइक, झांजांच्या वर दोन, खोलीतला प्रतिध्वनी टिपण्यासाठी दूरवर आणखी दोन, असे दहा-बारा माइक सहज लागतात. घरी ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या हौशी वादकाजवळ मात्र संगणकाला जोडायची एक छोटी पेटी असते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइक जोडण्यासाठी तिला बहुधा दोनच वाटा असतात, फार तर चार. वाद्ये आठ आणि वाटा दोन, हे गणित बसवायचे कसे, असा प्रश्न मग उभा राहतो.

हा प्रश्न केवळ यंत्राचा आहे असे समजू नये. त्याला कंटाळून पुष्कळ तरुण दोहोंपैकी एक मार्ग धरतात. काही जण पदरचे पैसे मोडून मोठी पेटी आणि माइकांचा ताफा विकत घेतात. दुसरे काही जण ड्रम कोपऱ्यात झाकून ठेवतात आणि संगणकात तयार मिळणारे ठोके एकापुढे एक मांडून गाणे पुरे करतात. तयार ठोक्यांत तसे वाईट काही नाही. ते स्वच्छ असतात, वेळेवर पडतात. परंतु त्यांत त्या विशिष्ट वादकाचा हात नसतो. एखाद्याचा स्नेअर अगदी किंचित मागे रेंगाळतो, एखाद्याची हाय-हॅट भावाच्या भरात थोडी पुढे धावते, आणि त्या कमीअधिकातूनच लयीला माणसाचा स्वभाव लाभतो. दहा वर्षे मेहनत करून कमावलेला हात वाटा कमी म्हणून नोंदलाच जाऊ नये, ही हानी लहान नव्हे. ती टाळता येते, आणि त्यासाठी खर्चापेक्षा विचार अधिक लागतो.

वाटांची टंचाई ही काही आजची गोष्ट नाही. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या काळात माइकच नव्हता. सर्व वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवीत, आणि त्या कर्ण्यात शिरलेल्या हवेच्या लहरींच्या जोरावर सुई मेणाच्या तबकडीत चर कोरीत असे. १९२३ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हर यांच्या जॅझ वृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. त्या वृंदात तरुण लुई आर्मस्ट्राँग होते, आणि ड्रम वाजवीत होते बेबी डॉड्स. आर्मस्ट्राँग यांच्या कॉर्नेटचा जोर इतका होता की त्यांना इतरांपासून दूर उभे करावे लागले. बास ड्रमच्या धक्क्याने सुईच उडण्याचे भय, म्हणून डॉड्स यांना तो बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर काम भागवावे लागले. १९२५ पासून विजेवर चालणारे माइक वापरात आले आणि ही अडचण क्रमाक्रमाने दूर झाली. पण कोणी किती अंतरावर उभे राहावे हा प्रश्न मिटला नाही. तो आजही तसाच आहे.

पुढे फीत आली. तरीही लंडनच्या ईएमआय स्टुडिओत १९६३ पासून काही वर्षे बीटल्सच्या गाण्यांसाठी उपलब्ध होते ते अवघे चार पट्टे. गाणे, गिटार, बास आणि ड्रम या सर्वांनी मिळून त्या चारांत संसार करायचा. अशा वेळी ड्रमचे सारे माइक आधीच एकत्र मिसळून एका पट्ट्यावर उतरवावे लागत, आणि एकदा उतरले की त्यांतला एखादा आवाज वेगळा काढता येत नसे. १९६६ साली ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीच्या वेळी जेफ एमरिक या विशीतल्या ध्वनिमुद्रकाने बास ड्रमसमोरचा माइक रिवाजाहून पुष्कळ जवळ आणला आणि ड्रमच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबला. लांबलचक घुमणारा आवाज त्यामुळे आटोपशीर आणि ठोस झाला. या सुधारणेत नवे यंत्र काहीच नव्हते. जागा बदलली होती आणि एक स्वेटर कामास आला होता.

१९६८ साली लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत लेड झेपेलिन या वृंदाची पहिली तबकडी मुद्रित होत असताना ग्लिन जॉन्स या ध्वनिमुद्रकाच्या हाती योगायोगाने एक मांडणी लागली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि तीत तीन किंवा चारच माइक लागतात. तिचा तपशील पुढे येईलच. त्याच वृंदाने १९७१ साली इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत मुक्काम केला, तेव्हा ग्लिन यांचे धाकटे बंधू अँडी जॉन्स यांनी याही पुढचे पाऊल टाकले. घराच्या उंच दिवाणखान्यात, जिन्याच्या पायथ्याशी जॉन बॉनम यांचा ड्रमसंच मांडला होता. अँडी यांनी वरच्या जिन्यावरून दोन माइक खाली सोडले आणि तेवढ्यावरच ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्याचे ड्रम मुद्रित केले. रॉक संगीतातल्या अत्यंत भारदस्त ड्रमध्वनींत त्याची गणना होते, आणि वाटा होत्या दोन.

मुंबईच्या चित्रपटसंगीताचा इतिहासही हेच सांगतो. १९५० च्या दशकात गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी, थोड्याशा माइकांसमोर मुद्रित होत असे. त्या वृंदांत गोमंतकातून आलेल्या वादकांचा भरणा मोठा होता, आणि कावस लॉर्ड यांच्यासारख्या तालवादकांनी ड्रम आणि लॅटिन अमेरिकेची तालवाद्ये तेथे रुळवली. कोणाचा आवाज किती यावा हे बटणांपेक्षा बैठकीवरच अधिक ठरे. जोराचे वाद्य मागे, नाजूक वाद्य पुढे, आणि हाताचा जोर स्वतः वादकाने सांभाळायचा, अशी ती शिस्त होती.

या सर्वांतून एक तत्त्व निघते. जवळ ठेवलेला माइक वाद्याचा एक अवयव ऐकतो. दूर ठेवलेला माइक संपूर्ण वाद्य ऐकतो. स्नेअरच्या कडेशी चार बोटांवर माइक ठेवला, तर काठीचा आघात फार स्पष्ट येतो, पण तो आवाज खोलीत बसलेल्या श्रोत्याच्या कानाला ऐकू येणारा नव्हे. उलट तोच माइक हातभर वर नेला, तर स्नेअरबरोबर टॉम आणि झांजाही आपापल्या प्रमाणात त्यात येतात. ज्याच्याजवळ वाटा कमी आहेत, त्याने आठ वाद्यांचा विचार सोडून एका वाद्याचा विचार करावा. पहिली वाट नेहमी संपूर्ण संचाला द्यावी, आणि उरलेल्या वाटा जेथे उणीव भासेल तेथे.

माइक मांडण्यापूर्वी त्या पेटीचे दोन-चार गुणधर्म ध्यानात घेणे आवश्यक आहे. झांजांचे बारीक तरंग टिपण्यासाठी कंडेन्सर जातीचा माइक चांगला. त्याला चालण्यासाठी ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो आणि तो पेटीवरील बटण दाबून माइकच्याच तारेतून मिळतो. डायनॅमिक जातीच्या माइकला असा पुरवठा लागत नाही. तो धक्का सोसणारा असल्यामुळे ड्रमच्या अगदी जवळ ठेवण्यास योग्य. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ पासून चालत आलेला साधा माइक आजही जगभर स्नेअरसमोर दिसतो, तो या गुणामुळेच.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. ड्रमचा आघात क्षणार्धात उसळी घेतो. पेटीची मर्यादा ओलांडली गेली, की त्या उसळीचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. तो फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. म्हणून वादकाला त्याच्या सर्वांत जोरकस तुकड्याचा सराव करायला लावावा आणि त्या वेळी दर्शक मर्यादेच्या १० ते १२ डेसिबल खाली राहील असे बटण लावावे. जोशात आल्यावर वादक सरावापेक्षा जोराने वाजवतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. २४ बिटांच्या मुद्रणात आवाज थोडा हळू घेतल्याने काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट एका सामान्य गैरसमजाची. आठ माइकांचा मिक्सर आणून त्याची तार पेटीला जोडली की आठ वाटा मिळतात, अशी पुष्कळांची कल्पना असते. साध्या मिक्सरने तसे होत नाही. आठ ओढे मिक्सरमध्येच एकत्र होतात आणि पेटीत दोनच प्रवाह शिरतात. मुद्रणाच्या वेळी जे प्रमाण ठेवले तेच कायमचे. हा मार्ग त्याज्य नव्हे. बीटल्सच्या काळी तोच रूढ होता. पण एक कच्चा तुकडा मुद्रित करून, तो दुसऱ्या खोलीत ऐकून, मगच प्रमाण निश्चित करावे. तसेच दोन वेगळ्या पेट्या एकाच संगणकाला जोडून वाटा वाढवण्याचा प्रयत्न सहसा फसतो, कारण प्रत्येक पेटीचे घड्याळ स्वतंत्र असते. गाणे पुढे सरकते तसतशी ही दोन घड्याळे एकमेकांपासून ढळू लागतात आणि ठोके विलग होतात.

आता मांडणीकडे वळावे. समजा एकच वाट उपलब्ध आहे. मग माइक संचाच्या समोर सुमारे एक मीटर अंतरावर, टॉमच्या किंचित वरच्या उंचीला ठेवून त्याचे तोंड स्नेअरकडे करावे. झांजा फार कडाडू लागल्या तर माइक खाली आणावा. बास ड्रम दुबळा वाटला तर थोडा त्याच्याकडे सरकवावा. दुसरी जागा वादकाच्या उजव्या गुडघ्याजवळ, बास ड्रमच्या कडेच्या थोडी वर. तेथून स्नेअर, टॉम आणि पेडलचा आघात ही तिन्ही जवळ पडतात आणि झांजा वर राहतात. कोणती जागा श्रेष्ठ हे कानानेच ठरवायचे. बोटभर हालचालीने आवाज पालटतो.

दोन वाटा असतील, तर पुढे निवड आहे. पहिला पर्याय असा, की एक माइक संचाच्या वर आणि दुसरा बास ड्रमपाशी. यात आवाजाला डावे-उजवे मिळत नाही, पण पायाचा ठोका भक्कम येतो आणि त्याचे प्रमाण मागाहून कमीजास्त करता येते. नाचाच्या किंवा जोरकस गाण्यांना हा पर्याय मानवतो. दुसरा पर्याय दोन्ही माइक वर ठेवण्याचा. त्याने संचाची रुंदी ऐकू येते आणि मृदू, जॅझ धर्तीच्या वादनाला ती शोभून दिसते.

दोन्ही माइक वर ठेवताना दोरीची एक युक्ती फार उपयोगी पडते. पहिला माइक स्नेअरच्या मध्याच्या वर ड्रमच्या दोन काठ्या उंचीवर, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटरवर, टांगावा. मग दोरीचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर आणि दुसरे बास ड्रमवर जेथे पेडलचा गोळा आदळतो तेथे धरावे. मधली दोरी ताणून पहिल्या माइकपर्यंत न्यावी आणि माइकला टेकणारा बिंदू चिमटीत पकडावा. चिमूट न सोडता तो बिंदू वादकाच्या उजव्या खांद्यावर आणावा. दोरीच्या दोन्ही बाजू जेथे पुन्हा ताठ होतील ती दुसऱ्या माइकची जागा. अशा रीतीने स्नेअर आणि बास ड्रम या दोन मुख्य आवाजांपासून दोन्ही माइकांचे अंतर सारखे होते, आणि ते दोन्ही आवाज ऐकताना बरोबर मध्यभागी येतात.

तीन वाटा असल्यास वरचे दोन माइक तसेच ठेवून तिसरा बास ड्रमला द्यावा. ड्रमच्या पुढच्या पडद्याला भोक असेल तर माइक आत सरकवल्याने आघात टोकदार येतो. बाहेर वीतभर ठेवल्याने घुमारा अधिक येतो. चार वाटांवर ग्लिन जॉन्स यांची मांडणी करता येते. एक माइक स्नेअरच्या थेट वर सुमारे एक मीटरवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या उजवीकडे, त्याच्या काठाहून थोडा उंच व हाय-हॅटच्या दिशेने पाहणारा; दोहोंचे स्नेअरपासूनचे अंतर दोरीने मोजून समान केलेले. तिसरा बास ड्रमला, आणि चौथा स्नेअरजवळ, तोही गरज भासली तरच.

हे समान अंतराचे एवढे प्रस्थ कशासाठी, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर ध्वनीच्या वेगात आहे. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात जवळजवळ ३४ सेंटिमीटर. स्नेअरला चिकटून असलेल्या माइकला आवाज लगेच मिळतो, एक मीटरवरच्या माइकला तो जवळजवळ तीन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ध्वनी ही हवेची लाट आहे. तिला शिखर असते तशी दरीही असते. एका माइकवर शिखर आणि त्याच क्षणी दुसऱ्यावर दरी, असे घडले की दोन्हींची बेरीज करताना एकाने दुसऱ्याला गिळून टाकले जाते. अंतराचा फरक ९५ सेंटिमीटर असेल, तर हा प्रकार प्रथम सुमारे १८० कंपनांपाशी घडतो, आणि स्नेअरच्या आवाजाचा भरदारपणा नेमका त्याच प्रदेशात असतो. परिणाम असा, की माइक वाढवावा आणि आवाज मात्र पातळ व्हावा! घरगुती ध्वनिमुद्रणात ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

याची परीक्षा सोपी आहे. एक माइक एकटा ऐकावा, मग दुसरा त्यात मिसळावा. आवाज भरून आला तर मांडणी ठीक. तो पोकळ झाला, तर संगणकात किंवा पेटीवर लाट उलटी करणारे जे बटण असते ते दाबून पाहावे. दरीचे शिखर होते आणि पुष्कळदा हरवलेला भरदारपणा परत येतो. तेवढ्याने न भागल्यास माइक वीतभर सरकवून पुन्हा ऐकावे. वाटा कमी असल्या की माइक कमी, आणि माइक कमी असले की हा परस्परांना गिळण्याचा धोकाही कमी. दारिद्र्याचा हा एक छुपा लाभच म्हणायचा.

यानंतरचा विषय खोलीचा. दूरचा माइक ड्रमबरोबर खोलीही ऐकतो, आणि लहान खोली फार बोलते. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये ३ मीटर अंतर असेल, तर सुमारे ५७ कंपनांचा खर्ज त्यांच्यामध्ये साचतो. कोपऱ्यात तो सर्वांत जास्त साठतो. म्हणून ड्रमसंच कोपऱ्यात कोंबू नये. काँक्रीटच्या घरात छत बहुधा ठेंगणे असते. वरच्या माइकला ड्रमचा आवाज एकदा थेट आणि लगेच दुसऱ्यांदा छतावरून आपटून मिळतो. माइकच्या वर एक जाड गोधडी किंवा कापसाची गादी ताणून बांधली, तर हा दुसरा आवाज पुष्कळसा मुरतो. खाली सतरंजी, मागे कपड्यांचे उघडे कपाट, बाजूला पुस्तकांची मांडणी, यांनीही खोली शांत होते. गोव्यातील किंवा बेळगावकडील जुन्या घराची उंच, उतरत्या कौलारू छपराची ओसरी ज्याला लाभली असेल, त्याने बंद खोलीचा हट्ट सोडून एकदा ड्रम तेथे मांडून पाहावेत. तिरप्या छपराला सपाट छतासारखा सरळ उलटा प्रतिध्वनी देता येत नाही.

भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले की आवाज बाहेर जात नाही, ही समजूत मात्र निराधार आहे. पुठ्ठा हलका, तो फार तर वरच्या पट्टीचा थोडा प्रतिध्वनी शोषतो. आवाज अडतो तो वजनदार भिंतीने आणि फटी बुजवल्याने. ड्रमसारख्या वाद्याचा आवाज घरात पुरता अडवणे सामान्य कुटुंबाला शक्य नाही. तेव्हा शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवून घेणे हाच उत्तम उपाय. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ अशी व्याख्या आहे. शेजारी आजारी असेल, परीक्षेचा अभ्यास चालू असेल, तर नियमाच्या आतही थांबणे हे सौजन्य आहे.

शेजाऱ्यांच्या कानांबरोबर स्वतःच्या कानांचीही काळजी हवी. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात दिवसाकाठी ८ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटेच उरतात. बंद खोलीतला ड्रमसंच ही पातळी सहज गाठतो. कानात बोळे किंवा बंद हेडफोन न घालता तासन्‌तास ड्रम वाजवणारा वादक ज्या इंद्रियावर त्याची कला उभी आहे तेच झिजवीत असतो.

इतके सगळे सांगून झाल्यावरही सर्वांत महत्त्वाची गोष्ट माइकपूर्वीची आहे. आठ माइकांचा धनी एखाद्या बेसूर टॉमला मागाहून झाकू शकतो. दोन माइकांच्या धन्याला ती सवलत नाही. म्हणून पडदे जुने झाले असतील तर बदलावेत. प्रत्येक ड्रमच्या चावीगणिक कडेकडेने टकटक करून स्वर सारखा करावा. किरकिरणाऱ्या पेडलला तेल द्यावे, सैल झालेले स्क्रू आवळावेत. टॉम वाजला की स्नेअरच्या तारा आपोआप झणझणतात. त्या थोड्या घट्ट कराव्यात, पण त्यांचा थोडासा गुंजारव राहू द्यावा, कारण तो संचाचा स्वाभाविक श्वास आहे. बास ड्रम फार घुमत असेल तर आत एक उशी पुरे.

मग उरतो वादकाचा हात. हौशी वादक बहुधा झांजांवर तुटून पडतो आणि स्नेअर जपून वाजवतो. वरचा माइक निःपक्षपाती असतो. तो झांजांचा गलका जसाच्या तसा नोंदवतो आणि स्नेअर त्यात बुडतो. यावर उपाय यंत्रात नाही. झांजा हलक्या हाताने, स्नेअर आणि बास ड्रम निश्चयाने, असा तोल वादकाने वाजवतानाच राखावा लागतो. काही जण अडचण टाळण्यासाठी आधी ड्रम आणि मग वेगळ्या फेरीत झांजा मुद्रित करतात. यंत्राच्या दृष्टीने ते शक्य आहे. परंतु चार अवयवांनी मिळून एक लय धरायची, हा या वाद्याचा प्राणच मग तुटतो. त्यापेक्षा तोच तुकडा दहा वेळा वाजवून, प्रत्येक वेळी ऐकून, हात सुधारणे अधिक श्रेयस्कर. मुद्रण हा या बाबतीत निष्ठुर पण प्रामाणिक गुरू आहे.

ही रीत केवळ पाश्चात्त्य ड्रमसंचापुरती मर्यादित नाही. गोव्यातील घुमट-आरतीत घुमट, शामेळ आणि कांसाळे एकत्र वाजतात. मातीच्या घटाचे हे घुमट २०१९ साली गोवा सरकारने वारसा-वाद्य म्हणून घोषित केले. मांड्याच्या गायनालाही त्याचीच साथ असते. गावोगावची भजनी मंडळे पखवाज आणि टाळ घेऊन बसतात. त्यांपैकी किती मंडळांचे वादन नीट मुद्रित होऊन पुढच्या पिढीला मिळेल, हे महागड्या स्टुडिओच्या भरवशावर सोडता येणार नाही. दोन वाटांची पेटी, एक दोरी, चार गोधड्या आणि ऐकणारा कान एवढ्यावर ते काम घरच्या ओसरीवर होऊ शकते. मंडळी अर्धवर्तुळात बसवावीत, टाळ आणि कांसाळे मागे, चर्मवाद्ये पुढे, आणि दोन माइक एकत्र समोर. तत्त्व तेच: आधी संपूर्ण मेळ, मग उणिवेची भरपाई.

तात्पर्य, वाटा किती आहेत हा प्रश्न दुय्यम आहे. त्या वाटांवर कोणता आवाज पाठवायचा याची निवड आधी करावी लागते, आणि ती निवड वाद्य लावताना, खोली पाहताना, दोरीने अंतर मोजताना आणि हाताचा तोल सांभाळताना होत असते. मोठ्या पेटीचा मालक हे सारे मागाहून करीन म्हणून पुढे ढकलू शकतो. लहान पेटीच्या मालकाला ते आजच, वाजवण्यापूर्वी करावे लागते; आणि ज्याला हे करण्याची सवय लागली, त्याच्या हाती उद्या मोठी पेटी आली तरी त्याचे शिक्षण वाया जात नाही.